भरलेली गाडी रात्री कुठे उभी राहणार?

दसरा झाला की वाशिमच्या बाजार समितीत सोयाबीनची आवक उसळते. सकाळी लिलाव, दुपारी मापं, मग कट्ट्यांची शिवण, आणि दिवस मावळता मावळता हमाल गाडी भरायला घेतात. वीस टनांची गाडी म्हणजे पन्नास किलोचे चारशे कट्टे. शेवटचा कट्टा चढून ताडपत्री आवळेपर्यंत रात्रीचे नऊ वाजतात. मालाचा, भाड्याचा, डिझेलचा हिशोब होतो, पण एक हिशोब राहून जातो. जो ड्रायव्हर आता गाडी घेऊन निघणार आहे, तो सकाळपासून इथेच ताटकळला आहे. गर्दीत गाडी मागेपुढे घेण्यात आणि बिल्टीसाठी फेऱ्या मारण्यात त्याचा दिवस गेला. तो नऊला निघतो आणि मध्यरात्रीनंतर डोळे मिटायला लागले की जागा दिसेल तिथे गाडी बाजूला घेतो. बंद पडलेला ढाबा, पंपाची अंधारी कड, वळणावरचं रिकामं मैदान. चोराला नेमकं हेच हवं असतं.

पहाटे उठून तो पुढे निघतो. दोर जागच्या जागी दिसतो, मागच्या अंगाला ताडपत्री थोडी सैल वाटते. मिलच्या काट्यावर गाडी चढल्यावर पाच क्विंटल कमी भरतात. म्हणजे दहा कट्टे. २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये धरला तर २६,६४० रुपयांचा माल गेला. बहुतेक फेऱ्यांत सगळा खर्च वजा जाता गाडीमालकाच्या हातात एवढे उरतही नाहीत. रिसोडकडची हळद भरलेली असती तर हाच आकडा दुपटीच्या वर गेला असता. चारशेतले दहा कट्टे गेलेले डोळ्यांना दिसत नाहीत. चोरही हे जाणून असतो, म्हणून तो गाडी रिकामी करत नाही. वरचा किंवा मागचा एक थर तेवढा हलका करतो.

हा लेख व्यापारी, अडते, गाडीमालक आणि ड्रायव्हर या चौघांसाठी आहे. मला सांगायचं आहे ते एवढंच: भरलेली गाडी रात्री कुठे उभी राहणार, हे ताडपत्री बांधतानाच ठरलं पाहिजे. झोप अनावर झाल्यावर घेतलेला निर्णय क्वचितच बरोबर येतो. पुढचे सगळे उपाय या एका गोष्टीच्या नंतरचे आहेत.

आपल्या जिल्ह्याला हे शहाणपण नवं नाही. मानोरा तालुक्यातलं पोहरादेवी हे बंजारा समाजाचं श्रद्धास्थान. रेल्वे येण्याआधी धान्य आणि मीठ देशभर पोचवणारे त्यांचे लमाण तांडे हजारो बैलांच्या पाठीवर गोण्या लादून चालत. मुक्कामाची जागा नायक ठरवी. पाणी कुठे आहे, चारा कुठे आहे, मोकळं रान कुठे आहे हे आधी बघितलं जाई. मुक्काम पडला की बैलांवरच्या गोण्या उतरवून त्यांचीच थप्पी लावून तटबंदी उभी करत, माणसं आत, आणि राखणीला तांड्याची तिखट कुत्री. माल मध्ये आणि माणूस बाहेर असं त्यांनी केलं नाही. मालाचीच भिंत केली. आज वीस टन माल एका माणसाच्या भरवशावर अनोळखी अंधारात उभा असतो. पूर्वी प्रत्येक गाडीवर क्लीनर असे, एक झोपला तर दुसरा जागा राही. खर्च वाचवायला आपण क्लीनर काढला, पण त्याचं राखणीचं काम कुणावर सोपवलं नाही.

तर पहिला उपाय, आणि माझ्या मते सगळ्यांत मोठा: रात्री आठनंतर भरून झालेली गाडी त्या रात्री बाहेर काढूच नका. ज्या आवारात भरली त्याच आवारात ती उभी राहू द्या, ड्रायव्हरला जेवून झोपू द्या, आणि पहाटे पाचला निघू द्या. बाजार समितीचं आवार असो, जिनिंग असो की गोदाम, तिथे भिंत आहे, फाटक आहे, चौकीदार आहे, दिवा आहे. रस्त्यावर पैसे मोजूनही एवढं मिळत नाही.

यावर लगेच उत्तर येतं की ई-वे बिलाची मुदत संपेल. हा गैरसमज पुष्कळ ठिकाणी आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो. १ जानेवारी २०२१ पासून साध्या मालवाहतुकीला दर २०० किलोमीटरमागे एक दिवस मिळतो. आणि हा ‘एक दिवस’ बिल काढलं त्या क्षणापासून चोवीस तासांचा नसतो. तो दुसऱ्या दिवशीच्या मध्यरात्रीपर्यंत चालतो. सोमवारी संध्याकाळी सातला बिल काढलं आणि अंतर २०० किलोमीटरच्या आत असलं, तर मंगळवारी रात्री बारापर्यंत ते चालतं. वाशिमहून अकोला सुमारे ८० किलोमीटर. मंगळवारी पहाटे निघालेली गाडी चहाच्या वेळेला तिथे असते. वाटेत खोळंबा झालाच तर मुदत संपण्याच्या आधीचे आठ तास आणि नंतरचे आठ तास एवढ्या वेळात ती वाढवून घेता येते. तेव्हा कागदाच्या धाकाने कुणाला रात्री पळवू नका. खरी घाई बहुधा दुसऱ्या भरतीची असते, आणि ती कबूल करून तिचा हिशोब मांडलेला बरा.

लांबचा पल्ला असेल तर वाटेत मुक्काम येणारच. त्यासाठी मालकाने आणि ड्रायव्हरने मिळून आपल्या नेहमीच्या रस्त्यावरच्या चार-पाच जागा पक्क्या करून ठेवाव्यात. अकोल्याहून पातूर, मेडशी, मालेगाव, वाशिम करत हिंगोली-नांदेडकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग १६१ हा आपला मुख्य रस्ता. त्यावर दिवसा जाऊन जागा बघा. पंप रात्रभर चालू असतो का, की दहाला दिवे मालवतात? कॅमेरा आहे, पण तो चालू आहे का, आणि त्याच्या नजरेत गाड्या उभ्या राहतात ती जागा येते का? ढाब्यावर रात्री कोण जागं असतं? मालकाचा नंबर आपल्याजवळ आहे का? एकाच ढाब्यावर नेहमी जेवणारा ड्रायव्हर तिथल्या माणसांना ओळखीचा होतो, आणि ओळखीच्या माणसाच्या गाडीभोवती कुणी घुटमळलं तर वेटरसुद्धा हाक मारतो. ही ओळख दहा वर्षांत तयार होते, ती जपा.

समृद्धी महामार्गाची गोष्ट वेगळी. ११ डिसेंबर २०२२ ला नागपूर ते शिर्डी सुरू झालेला आणि ५ जून २०२५ ला आमणेपर्यंत पूर्ण झालेला हा ७०१ किलोमीटरचा रस्ता आपल्या जिल्ह्यातून कारंजा, मंगरूळपीर, मालेगावच्या अंगाने जातो. रस्ता सरळ, वस्ती लांब, दोन्ही बाजूंना कुंपण. झोप इथे लवकर येते आणि थांबायला जागा सहज मिळत नाही. मग गाड्या कडेच्या पट्टीवर उभ्या राहतात. ते कधीही करू नका. मागून वेगात येणाऱ्या वाहनाला अंधारात उभी गाडी दिसत नाही, आणि तिथे चोरी झाली तर ओरडलं तरी ऐकायला माणूस नसतो. माल जाण्याआधी जीव जाईल अशी ती जागा आहे. डोळे जड होण्याची वाट न बघता पंपाच्या आवारात थांबा, किंवा कारंजा, शेलूबाजार, मालेगाव यांपैकी जो इंटरचेंज पुढे येईल तिथून खाली उतरून वस्तीजवळ थांबा. टोल चाललेल्या अंतरावर असल्याने उतरून पुन्हा चढण्याला लोक समजतात तसा मोठा भुर्दंड पडत नाही.

गाडी कशी उभी करायची यातही खूप काही आहे. पाठ भिंतीला लावा, इतकी जवळ की फाळका उघडायला जागाच उरू नये. भिंत नसेल तर ओळखीच्या दुसऱ्या गाडीच्या पाठीला पाठ लावा. दोघांचे फाळके एकमेकांना राखतात. तांड्याची थप्पी ती हीच. डिझेलची टाकी ज्या अंगाला आहे ते अंग उजेडाकडे ठेवा. कारण मालाला हात लावण्याआधी चोर टाकीकडे वळतात: नळी घातली, कॅन भरले, पाच मिनिटांत मोकळे. टाकीला कुलपाचं झाकण आणि तोंडात जाळी बसवून घेतली तर नळी आत जात नाही. खर्च एका वेळच्या चोरीपेक्षा कमी येतो. बॅटरीच्या पेटीला आणि स्टेपनीला साखळी व कुलूप हवं. तोंड रस्त्याकडे ठेवा, म्हणजे गडबड वाटली तर गाडी वळवत बसावं लागणार नाही.

आता ताडपत्री. चोर दोर सोडत बसत नाही, खालच्या कडेला ब्लेडने ताडपत्री कापतो, किंवा मागच्या कोपऱ्यातून हात घालून कट्टा ओढतो. म्हणून मागची शेवटची ओळ आडवी-उभी गुंफून लावा, सुटी थप्पी ठेवू नका. दोराची शेवटची गाठ फाळक्यावर न ठेवता केबिनजवळ आणा. दोर केबिनमागच्या लोखंडात अडकवून त्याला एखादी घुंगरमाळ किंवा रिकामा डबा बांधणारे जुने ड्रायव्हर आहेत. ओढ बसली की आवाज होतो. हल्ली हालचाल झाली की पेटणारे बॅटरीचे छोटे दिवे स्वस्तात मिळतात, तेही फाळक्यावर लावता येतात. जीपीएस जरूर बसवा, पण त्याच्यावर विसंबू नका. गाडी कुठे उभी आहे ते जीपीएस सांगतं; तिच्यातून काय उतरलं ते सांगत नाही.

व्यापाऱ्यांनी कट्ट्यांवर स्वतःची खूण करावी. ठशाने नाव, किंवा शिवणीला ठरावीक रंगाची सुतळी. चोरलेलं सोयाबीन लांब जात नाही. जवळच्याच गावात सुट्या खरेदीत दोन-चार कट्टे करून मिसळलं जातं. खूण असली की पोलिसांना धागा मिळतो. आणि जे खेड्यावर खरेदी करतात त्यांनी पहाटे मोटारसायकलवर शिवलेले कट्टे घेऊन आलेल्या, भाव न करणाऱ्या माणसाकडून माल घेऊ नये. चोरीचा माल आहे हे ठाऊक असताना किंवा तसं मानायला कारण असताना तो घेणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खालचा स्वतंत्र गुन्हा आहे.

वजनाबद्दल एक खबरदारी, कारण इथे विनाकारण भांडणं होतात आणि निर्दोष माणसावर आळ येतो. निघतानाचं आणि पोचल्यावरचं भरल्या गाडीचं वजन नुसतं एकमेकांतून वजा करू नका. शंभर लिटर डिझेल जळालं की गाडी सुमारे ८३ किलोंनी हलकी होते, म्हणजे दीड कट्ट्याहून जास्त. माल चोरीला न जाताही काटा कमी दाखवणारच. तेव्हा निघताना टाकी किती भरलेली होती ते बिल्टीवर लिहा आणि शक्यतो निव्वळ वजनाशी निव्वळ वजन ताडून पाहा. सोयाबीनची आर्द्रताही लिहून ठेवा. बारा टक्क्यांचा माल अकरावर आला तर वीस टनांत सव्वादोन क्विंटलच्या आसपास घट येते. एका रात्रीत एवढं वाळत नाही, पण गाडी आठवडाभर मिलच्या दारात उन्हात उभी असेल तर थोडी घट धरावी लागते. सगळ्यांत भरवशाची मोजणी कट्ट्यांची. भरताना चारशे, उतरताना चारशे, दोन्हीकडे ड्रायव्हरच्या समोर.

ड्रायव्हरभाऊ, आता तुमच्या झोपेविषयी. उन्हाळ्यात केबिनमध्ये झोपणं म्हणजे भट्टीत झोपणं, हे मला ठाऊक आहे. १ ऑक्टोबर २०२५ नंतर बनलेल्या मध्यम आणि जड ट्रकना वातानुकूलित केबिन सक्तीची झाली, पण रस्त्यावरच्या बहुतेक गाड्या जुन्या आहेत. बाहेर खाटेवर झोपायचं असेल तर खाट गाडीच्या अंगालाच टाका, ढाब्याच्या ओसरीवर नको. केबिनला कुलूप, चावी अंगावर, कागदपत्रं आणि रोकड एका जागी न ठेवता वेगळी. केबिनमध्ये झोपत असाल तर काचा बोटभर उघड्या आणि इंजिन बंद; बंद जागेत चालू इंजिनाचा धूर झोपेतच माणसाला संपवतो. अनोळखी माणसाने आणून दिलेला चहा, बिस्किट, प्रसाद नम्रपणे नाकारा. पुढे कुठे थांबणार, काय भरलं आहे, हे चहाच्या टपरीवर बोलू नका. आणि कितीही जड झोप असली तरी गाडीभोवती एक चक्कर मारून, दोर हाताने ओढून बघूनच आडवे व्हा.

जाग आली आणि खाली माणसं दिसली तर? उतरू नका. ते तीन-चार असतात आणि त्यांच्या हातात ताडपत्री कापायचं हत्यार असतं. दारं आतून लावा, हॉर्न दाबून धरा, सगळे दिवे लावा, ११२ फिरवा. दहा कट्ट्यांसाठी कुणी मार खावा, अशी अपेक्षा कोणत्याही मालकाने ठेवू नये, आणि ती नाही हे त्याने ड्रायव्हरला आधीच स्पष्ट शब्दांत सांगावं.

चोरी झाल्याचं सकाळी कळलं तर गाडी जागची हलवू नका. घाईने दोर पुन्हा आवळू नका. कापलेली ताडपत्री, जमिनीवर सांडलेले दाणे, चाकांचे ठसे, आजूबाजूच्या गाड्या यांचे फोटो काढा. पंपाचं किंवा ढाब्याचं कॅमेऱ्यातलं चित्रण त्याच दिवशी मागा; बऱ्याच यंत्रांत जुन्यावर नवं भरलं जाऊन ते पुसलं जातं. मग त्या जागेच्या पोलीस ठाण्यात जा. हद्द कुणाची, हा वाद तुमचा नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कोणत्याही हद्दीत घडलेला असला तरी ठाण्याला माहिती नोंदवून घ्यावी लागते, आणि नोंदीची प्रत विनामूल्य द्यावी लागते. नोंद घेतलीच नाही तर पोलीस अधीक्षकांना लेखी कळवता येतं. नुसता तक्रार अर्ज देऊन पोच घेऊन परतू नका. पहिली खबर नोंदवून घ्या, विम्यालाही तीच लागते.

कलमं माहीत असलेली बरी. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत माल किंवा प्रवासी वाहून नेणाऱ्या वाहनातून केलेली चोरी कलम ३०५ मध्ये वेगळी सांगितली आहे, शिक्षा सात वर्षांपर्यंत. टोळीने केलेल्या छोट्या संघटित गुन्ह्यांच्या कलम ११२ मध्ये तर मालवाहतुकीतली चोरी नाव घेऊन नोंदली आहे. ‘चार कट्टे गेले, सोडून द्या’ असं कुणी म्हटलं तर हे नम्रपणे दाखवून द्या.

विम्याबाबत फार मोठा घोळ आहे. गाडीचा विमा गाडीचा असतो, त्यात माल येत नाही. मालाचा वाहतूक विमा वेगळा घ्यावा लागतो, आणि तोही कोणता ते वाचून घ्या. देशांतर्गत वाहतुकीच्या विम्यात ‘ब’ प्रकारच्या अटींत आग, वीज, टक्कर, गाडी उलटणं असे धोके येतात. चोरी त्यात नसते. चोरीला संरक्षण हवं असेल तर ‘अ’ प्रकार घ्यावा किंवा चोरीचं कलम जोडून घ्यावं. दोन्हींच्या हप्त्यातला फरक बघून बरेच जण स्वस्त कागद घेतात आणि चोरीनंतर त्यांना तो उपयोगी नाही हे कळतं. माल घेणाऱ्यानेही पावतीवर डोळे मिटून सही करू नये. ‘दहा कट्टे कमी’ असं लिहूनच सही करावी. २००७ च्या रस्ते मालवाहतूक कायद्याप्रमाणे वाहतूकदारावर दावा लावायचा तर माल बुक केल्यापासून १८० दिवसांच्या आत त्याला लेखी नोटीस द्यावी लागते. फोनवरची बोलणी इथे कामाला येत नाहीत.

आणि आता जे मला सगळ्यांत जास्त खटकतं ते. माल कमी भरला की तो ड्रायव्हरच्या हिशोबातून कापायचा, ही पद्धत आपल्याकडे जणू रीत होऊन बसली आहे. सामील असलेले ड्रायव्हर असतात, नाही असं नाही, आणि त्यांच्यासाठी कायदा कडक आहे. पण चौकशीशिवाय प्रत्येकाला दोषी धरणं अन्यायाचं आहे. वेतनाच्या कायद्यातही मालाच्या नुकसानीपोटी कपात करायची तर ते नुकसान त्या माणसाच्या हलगर्जीमुळेच झालेलं असावं लागतं आणि त्याला आपली बाजू मांडायची संधी द्यावी लागते. या कपातीचा परिणाम उलटाच होतो. पैसे कापले जातील या भीतीने माणूस रात्रभर डोळा लावत नाही आणि दुसऱ्या दिवशी स्टिअरिंगवर झोपतो. किंवा चोरी लपवतो, पोलिसांत जात नाही, आणि तीच टोळी पुढच्या आठवड्यात दुसऱ्या गाडीवर हात मारते.

युरोपीय संघाने २०२२ मध्ये ट्रकच्या सुरक्षित मुक्कामाच्या जागांसाठी कांस्य, रौप्य, सुवर्ण आणि प्लॅटिनम अशा चार पायऱ्या ठरवल्या. त्यांत उजेड आणि सीमेच्या राखणीबरोबर संडास-न्हाणीघरही मोजलं जातं, कारण माणूस नीट झोपला तर माल राखला जातो हे तिथे मान्य झालं आहे. आपल्याला प्लॅटिनम नको. वाशिम, कारंजा, मंगरूळपीर, रिसोड, मालेगाव, मानोरा या सहाही तालुक्यांत बाजार समित्या आहेत, त्यांची भिंतीबंद आवारं आहेत, आणि रात्री त्यांतली बरीच जागा रिकामी असते. या समित्यांनी हंगामाचे चार महिने भरलेल्या गाड्यांसाठी, मग त्या बाहेरगावच्या का असेनात, रात्री फाटक उघडं ठेवावं. एक चौकीदार, चालू कॅमेरा, पाण्याचा नळ, स्वच्छ संडास आणि झोपायला एक ओटा. हवं तर गाडीमागे थोडं शुल्क घ्यावं, मालक आनंदाने देतील. तुम्ही समितीचे संचालक असाल, अडते असाल, किंवा मत देणारे शेतकरी असाल, तर पुढच्या बैठकीत हा विषय मांडा, आणि येत्या दसऱ्याच्या आत ठराव करून घ्या.